पडदा परक्याचा, पाकीट आपल्या नावाचे!

पौष सरून माघ लागला, की कुरुंद्याच्या शिवारात हळदीची काढणी सुरू होते. वसमत तालुक्यातल्या या गावाभोवती हळद शिजवण्याच्या कढया आणि कुकर पेटतात. शिजलेली हळकुंडे पंधरा-पंधरा दिवस उन्हात पसरून ठेवतात, मग पॉलिशचा ड्रम फिरू लागतो. दिवस मावळता पिवळी धूळ अंगाखांद्यावर घेऊन बायामाणसे वस्तीकडे परततात. चार-पाच किलो ओल्या हळदीतून जेमतेम एक किलो वाळलेली हळद हाती लागते. त्या एका किलोमागे काढणाऱ्याचे, वेचणाऱ्याचे, शिजवणाऱ्याचे, राखण करणाऱ्याचे किती हात लागलेले असतात! त्यांत आपल्या वस्तीतल्या आयाबहिणींचे हात थोडेथोडके नाहीत.

पण त्या हळदीच्या पोत्यावर नाव व्यापाऱ्याचे असते आणि पुढे शहरातल्या दुकानात मांडलेल्या पाकिटावर नाव कंपनीचे असते. हात आमचे आणि नाव दुसऱ्याचे, ही कहाणी काही आजची नाही.

याच आयाबहिणींच्या घरात आता मोबाइल आला आहे. रात्री भाकरी झाल्या की लेक आईला फोनवर काही ना काही दाखवते. कुणी आजी चुलीवर वांग्याची भाजी करते आहे, कुणी सून ठेचा वाटते आहे, कुणी शेतकरी गडी पिकाची माहिती देतो आहे. बघता बघता कळते, की ही माणसे नुसती हौस म्हणून हे करत नाहीत. त्यांचा त्यावर संसार चालतो, काहींचा तर चांगला धंदा उभा राहिला आहे. मग घरात प्रश्न निघतो, की हे आपल्याला का जमू नये?

वाचकहो, हा प्रश्न आम्हालाही पडला. आपल्या कुटुंब पानावर याची मोकळी चर्चा व्हावी, मुलामुलींनी डोळे उघडे ठेवून या वाटेला लागावे आणि आईवडिलांनी नुसते 'मोबाइल ठेव' म्हणून न रागावता त्यातला हिशेब समजून घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

बघे होते, त्यांचे गिऱ्हाईक झाले

प्रथम ज्यांना हे साधले त्यांची उदाहरणे पाहू.

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे या आजीबाई. २०२० च्या सुरुवातीला त्यांचा अकरावीत शिकणारा नातू यश पाठक याने आजीकडे पावभाजीचा हट्ट धरला. आजीने आपल्या पद्धतीने पावभाजी केली, ती घरच्यांना इतकी आवडली की आजीच्या हातचे पदार्थ लोकांना दाखवावेत असे नातवाच्या मनात आले. त्यातून 'आपली आजी' हे यूट्यूबवरचे चॅनल उभे राहिले. आजींना कॅमेऱ्याची सवय नव्हती, बेकिंग पावडर, सॉस असले इंग्रजी शब्द तोंडात बसत नव्हते. नातवाने ते शिकवले, आजीने ते आपल्या धाटणीने म्हटले आणि लोकांना तेच भावले. पुढे बघणारेच विचारू लागले, की आजी, तुमचा मसाला विकत मिळेल का? मग आजींचे घरगुती मसाले विक्रीला आले. या मसाल्यासाठी बाजारात गिऱ्हाईक शोधत फिरावे लागले नाही. गिऱ्हाईक आधी जमले होते, माल मागाहून आला.

दुसरे उदाहरण मधुरा बाचल यांचे. त्या अमेरिकेत असताना २००९ साली त्यांनी पाककृतींचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. पुढे मायदेशी आल्यावर मराठीतून वेगळे चॅनल काढले. आज महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंपाकघरांत त्यांचा आवाज ओळखीचा आहे आणि त्यांचे मसालेही विकले जातात. मराठीत बोलून एवढा धंदा होतो यावर सुरुवातीला किती जणांचा विश्वास बसला असता? पण आपल्या भाषेत कुणी नीट समजावून सांगितले, की माणूस तिथे थांबतो.

तिसरे उदाहरण सिंधुदुर्गच्या प्रसाद गावडे यांचे. 'कोकणी रानमाणूस' या नावाने ते ओळखले जातात. इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने नोकरीची वाट सोडली आणि कोकणातले जंगल, देवराया, रानभाज्या, जुनी घरे लोकांना दाखवायला सुरुवात केली. व्हिडिओ बघून ज्यांना तिथे जाऊन राहावेसे वाटले, त्यांच्यासाठी गावातच राहण्या-जेवण्याची सोय उभी केली.

तिघांचा धंदा वेगवेगळा, पण तिघांत एक गोष्ट सारखी आहे. व्हिडिओवर दिसणाऱ्या माणसाचीच, किंवा त्याच्या घरच्यांची, चॅनलवर मालकी होती आणि विकायची वस्तूही त्यांची स्वतःची होती. वाचकांनी ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

जाहिरातीच्या पैशाचे गौडबंगाल

आपल्याकडे एक समज पसरला आहे, की व्हिडिओ टाकला आणि लोकांनी पाहिला की पैसे येतात. तसे नाही. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला काही अटी आहेत. चॅनलचे निदान १,००० सदस्य व्हावे लागतात. शिवाय मागच्या बारा महिन्यांत लोकांनी ते व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात, किंवा नव्वद दिवसांत छोट्या व्हिडिओंना एक कोटी वेळा पाहिले गेलेले असावे लागते. हे झाल्यावर मोठ्या व्हिडिओवर दाखवलेल्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनलवाल्याचा, उरलेला कंपनीचा. छोट्या व्हिडिओंसाठी हा वाटा ४५ टक्के.

जाहिरातीचा दर मात्र आपल्या हातात नसतो. कुठल्या भाषेतला व्हिडिओ, बघणारा कुठल्या देशातला, सणासुदीचे दिवस आहेत की मंदीचे, यावर तो वर-खाली होतो. एखाद्या महिन्यात बरे पैसे येतात, पुढच्या महिन्यात निम्मेही येत नाहीत. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला हे नवे नाही. काम आहे तर मजुरी, नाही तर घरी बसा. फरक एवढाच की इथला मुकादम दिसत नाही.

आणि मुकादमाने एके दिवशी मळाच बंद केला तर? तेही आपण पाहिले आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्याआधी खेड्यापाड्यांतली, वस्त्या-तांड्यांवरची कितीतरी मुले-मुली टिकटॉकवर नावारूपाला आली होती. शेतात नाचणारे जोडपे, नकला करणारा पोरगा, म्हशी राखताना गाणारी मुलगी. लाखो लोक त्यांना बघत होते, पण एका रात्रीत सारे नाहीसे झाले. ज्यांनी आपल्या चाहत्यांचे फोन नंबर, पत्ते, वेगळे चॅनल असे काही जमवून ठेवले होते ते तरले. ज्यांच्याकडे फक्त टिकटॉक होते, त्यांना पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागला.

'आपली आजी' या चॅनलवरही २०२० मध्येच एक संकट आले होते. कुणीतरी ते चॅनल परस्पर बळकावले. आजींना मोठा धक्का बसला. पुढे ते परत मिळाले म्हणून ठीक, नाही तर एवढी मेहनत पाण्यात गेली असती. पडदा हा परक्याचाच असतो. त्यावर आपण भाडेकरू असतो, हे विसरून चालणार नाही.

गाणे आपले, पेटी दुसऱ्याची

आपल्या समाजाला हा धडा खरे तर फार पूर्वी मिळाला आहे. आंबेडकरी जलशांपासून आपले शाहीर गावोगाव गात आले. वामनदादा कर्डकांनी हजारो गीते लिहिली, प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजाने मध्यरात्रीची मैदाने जागी ठेवली. कॅसेटचा जमाना आला, तेव्हा दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर कॅसेटच्या दुकानांपुढे झुंबड उडू लागली. भीमगीतांना एवढी मोठी बाजारपेठ आहे हे कॅसेट कंपन्यांनी ओळखले. पण गाणे लिहिणाऱ्याच्या आणि गाणाऱ्याच्या घरात त्यातले किती आले? अनेक शाहिरांनी बिदागी घेतली, कागदावर सही केली आणि पुढे ते गाणे त्यांचे राहिले नाही. समाजासाठी गातो आहोत या भावनेने त्यांनी कधी हिशेब मागितला नाही. त्यांचा तो मोठेपणा, पण त्यांच्या मुलाबाळांनी त्याची किंमत मोजली.

आता मोबाइलच्या काळातले उदाहरण पाहा. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, कडुबाई खरात. वडिलांकडून त्यांना गाणे आणि एकतारी मिळाली. पतीच्या निधनानंतर लेकरांना जगवण्यासाठी त्या दारोदार गात फिरल्या. कुणी मोबाइलवर चित्रित केलेल्या त्यांच्या भीमगीतांनी साऱ्या महाराष्ट्राला वेड लावले. ना वाद्यवृंद, ना रोषणाई, नुसती एकतारी आणि खडा आवाज. पुढे गावोगावच्या जयंत्यांच्या कार्यक्रमांत त्यांना मानाने बोलावणे येऊ लागले. मोबाइलने कलावंताला थेट समाजापर्यंत नेले, हे मान्यच करावे लागेल. मधल्या दलालाशिवाय आवाज पोहोचतो, एवढी मोठी ताकद आपल्या शाहिरांना कधी मिळाली नव्हती.

पण आवाज पोहोचला म्हणजे मोबदला पोहोचतोच असे नाही. आमच्या ओळखीतली गोष्ट सांगतो. जयंतीच्या कार्यक्रमात एका वयस्क बाईंनी स्वतः रचलेले रमाईचे गाणे म्हटले. गर्दीतल्या कुणी तरी ते मोबाइलवर घेतले आणि आपल्या चॅनलवर टाकले. लाखो लोकांनी पाहिले, जाहिराती दिसू लागल्या. वर्षभराने त्या बाईंच्या नातीने आजीचे तेच गाणे घरात चांगले चित्रित करून स्वतःच्या चॅनलवर टाकले, तर त्यावर हरकत आली. आजीचे गाणे आणि हक्क सांगणारा तिसराच! त्या आजी आम्हाला विचारत होत्या, की मी माझ्या तोंडाने रचलेले गाणे आता म्हणायचे की नाही? त्यावर आमच्याकडे धड उत्तर नव्हते.

म्हणून कायदा थोडासा तरी माहीत असावा. गीत लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा आणि ध्वनिमुद्रण करणारा, या प्रत्येकाचा हक्क वेगवेगळा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला ठराविक वाटा त्यांच्याकडून लिहून घेऊनही काढून घेता येत नाही, अशी तरतूद त्या वेळी आली. आपल्या गाण्याची वही तारखेसह जपून ठेवावी, पहिले चित्रण स्वतःच्या चॅनलवर टाकावे आणि कुणा कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवावा. एवढे केले तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

हळद आणि आडनाव

आता जरा अवघड विषयाकडे वळू. मसाला, लोणचे, हळद ही माणसाच्या तोंडात जाणारी वस्तू. आपल्या देशात अन्नाला जात चिकटलेली आहे. गावच्या हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी ठेवल्याच्या आठवणी अजून पुसल्या गेलेल्या नाहीत. शाळेत आपल्या बाईने शिजवलेली खिचडी नको म्हणून मुलांचे डबे घरून आल्याच्या बातम्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून आजही येतात. मग बौद्ध वस्तीतल्या बाईने व्हिडिओत स्वयंपाक केला, तर लोक बघतील, टाळ्याही वाजवतील. पण तिच्या हातची हळद विकत घेऊन आपल्या डाळीत टाकतील का? बघणे वेगळे आणि घेणे वेगळे. आपल्या लेकीबाळी चॅनलला नाव देताना आडनाव टाकावे की नको, मागे भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसू द्यावा की नको, या विचारात पडतात ते याचमुळे.

हा अनुभव खुद्द परमपूज्य बाबासाहेबांनाही आला होता. परदेशातून शिकून आल्यावर, १९१७-१८ च्या सुमारास, त्यांनी मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली. सुरुवातीला धंदा बरा चालला. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. अर्थशास्त्रातल्या एवढ्या मोठ्या विद्वानाचा सल्लाही जातीमुळे बाटला. कुरुंद्याच्या एखाद्या बचत गटाच्या हळदीला गिऱ्हाईक मिळेल की नाही ही शंका वावगी नाही, ती शंभर वर्षांच्या अनुभवातून आलेली आहे.

पण दुसरी बाजूही आहे. चंद्रभान प्रसाद या दलित विचारवंताने २०१६ साली 'दलित फूड्स' या उघड नावाने हळद, धणे, तिखट, लोणचे असे पदार्थ ऑनलाइन विकायला काढले. नाव लपवायचे नाही, उलट तेच पाकिटावर छापायचे, असा तो बाणा होता. मराठवाड्यातल्या खामगावचे शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही पुढे प्रसिद्ध झाला आणि देशभर त्याची दखल घेतली गेली. ज्या स्वयंपाकाची लाज वाटावी असे आपल्याला शिकवले गेले, त्याची माहिती घ्यायला आता जग उत्सुक आहे. टंचाईच्या दिवसांत रानातून भाजी आणून, वाटणाला तेल नसताना चव आणणाऱ्या आपल्या आज्या हे मोठे ज्ञानभांडार आहे.

आमचे स्पष्ट मत आहे, की नाव लपवून सुरू केलेला धंदा कायम भीतीच्या सावलीत राहतो. कधी तरी कुणी ओळखेल या धास्तीने माणूस मोकळेपणी बोलत नाही, आणि व्हिडिओत तर मोकळेपणाच विकला जातो. शिवाय ६ डिसेंबर, १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखोंनी जमणारा आपला समाज हेच पहिले गिऱ्हाईक का असू नये? आपण कॅसेटी घेतल्या, पुस्तके घेतली, मग आपल्याच भगिनीची हळद का घेऊ नये? मात्र समाजाची म्हणून भेसळ चालणार नाही. माल उजवाच हवा.

पाकिटाचा हिशेब

धंदा म्हटला की भावना बाजूला ठेवून वही उघडावी लागते. उदाहरणासाठी काही आकडे धरून चालू. हे बाजारभाव नव्हेत, रीत समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत.

समजा, कुरुंद्याच्या एका गटाने हळद दळून अर्ध्या किलोची पाकिटे केली. व्हिडिओ एक लाख वेळा पाहिला गेला. हजारात एकाने मागणी केली असे धरले, तर १०० पाकिटे, म्हणजे ५० किलो हळद. पाकिटाची किंमत १६० रुपये धरली तर विक्री १६,००० रुपयांची. आता खर्च. दळणात थोडी घट येते म्हणून ५३ किलो हळकुंड, १५० रुपये किलोने ७,९५०. दळणावळ ८००. पाकीट आणि छापील चिठ्ठी दहा रुपये दराने १,०००. पार्सलचा खर्च प्रत्येकी ४५ रुपयांनी ४,५००. एकूण १४,२५० रुपये. शिल्लक राहिले १,७५०.

त्यात 'पार्सल आल्यावर पैसे देऊ' म्हणणाऱ्या दहा जणांनी ऐनवेळी घेण्यास नकार दिला, तर १,६०० रुपयांची विक्री गेली आणि परतीचे ४५० रुपये अंगावर आले. नफा गेलाच, वर खिशातले ३०० रुपये गेले. परत आलेली दहा पाकिटे तेवढी हाती राहिली. यात दळायला, भरायला, चिकटवायला बसलेल्या बायांची मजुरी आम्ही धरलेलीच नाही!

आता हीच १०० पाकिटे चार-चार मिळून २५ पार्सलांत पाठवली, प्रत्येक पार्सलला ११० रुपये लागले, तर पाठवणीचा खर्च २,७५० वर येतो आणि शिल्लक ३,५०० होते. म्हणजे दुप्पट. म्हणून एका गल्लीतल्या, एका विहारातल्या, एका कार्यालयातल्या चौघींनी मिळून मागणी करावी अशी योजना आखावी, आणि पैसे आधी घ्यावेत. लाख लोकांनी पाहिले यापेक्षा पंचवीस घरांनी दर चार महिन्यांनी पुन्हा मागवले, याला जास्त किंमत आहे.

खाण्याची वस्तू विकायची तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. वजन, किंमत, भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावी ती मुदत, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, शाकाहाराचे हिरवे चिन्ह हेही लागते. 'बनवणाऱ्याचे नाव' ही चिठ्ठीवरची ओळ वाचून आम्हाला बरे वाटते. पिढ्यानपिढ्या जे नाव कुठल्याच पोत्यावर नव्हते, ते तिथे कायद्यानेच छापावे लागते.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही हळद या मातीतली आहे अशी सरकारदरबारी नोंद झाली. आता मजूर म्हणून त्या हळदीत राबणाऱ्यांनी तिच्या विक्रीतही उतरावे. जमीन नसली तरी चालते. आजीबाईंचा मसाला काही त्यांच्या एकट्याच्या शेतातून येत नसेल. बाजारातून चांगले हळकुंड निवडण्याची नजर हवी, आणि हळद शिजवण्यात आयुष्य गेलेल्या बाईइतकी ती नजर कुणाला असणार? भांडवलासाठी बचत गट आहेत, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. तिथे खेटे घालावे लागतात हे खरे, पण घालावेत.

सम्यक आजीविका

एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. चॅनल जरा वाढले की जाहिरातवाले दार ठोठावतात. मध्यंतरी खेड्यातल्या कितीतरी पोरांनी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती केल्या. जाहिरात करणाऱ्याला चार पैसे मिळाले, पण ती बघून किती तरुणांनी बापाची कमाई घालवली! अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्हींवर बंदी आणली. तथागतांनी मात्र अडीच हजार वर्षांपूर्वीच उपासकाने कोणते धंदे करू नयेत ते सांगितले आहे. शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार त्यांनी वर्ज्य सांगितला. माणसाला व्यसनाच्या खाईत लोटणारी जाहिरात या विषाहून वेगळी कशी? ज्या लोकांनी विश्वासाने आपल्याला घरात घेतले, त्यांच्याच खिशात हात घालणे उपासकाला शोभत नाही.

आलेल्या पैशाचे काय करावे हेही तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला समजावून दिले आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग संसारासाठी, दोन भाग धंद्यात आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवावा. पहिली कमाई हाती येताच मोटारसायकल घेणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हे सुत्त एकदा विहारात बसून समजून घ्यावे. ज्याच्याकडे चौथा भाग शिल्लक होता, तोच टिकटॉकची बंदी पचवू शकला.

घरातूनच सुरुवात

तेव्हा आईवडिलांनी आणि मुलांनी एकदा एकत्र बसावे. चॅनल ज्या ईमेलवर आणि फोन नंबरवर उघडायचे, तो नंबर जिचे काम दिसणार आहे तिचाच असावा. बँकेचे खातेही तिच्याच नावाचे असावे. आई रांधते, लेक चित्रण करते आणि खाते मात्र चुलतभावाच्या नावावर, असे नको. संकेतशब्द घरातल्या दोघांनाच माहीत असावा, वहीत लिहून पेटीत ठेवावा. गट असेल तर कुणाचा वाटा किती हे सुरुवातीलाच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मागणी करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, फोन वेगळ्या वहीत उतरवावा. उद्या पडदा काळा झाला तरी ती वही आपली राहील. लेकीने शिक्षण सोडून यात पडू नये, शाळा-कॉलेज सांभाळून करावे. आणि मुलीचा चेहरा दिसला म्हणून कुणी घाणेरडे लिहिले, तर तिला गप्प बसवू नये, लिहिणाऱ्याची तक्रार करावी.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पुढे ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले, तेव्हा बाबासाहेबांनी एकट्याने रकानेच्या रकाने लिहिले आणि लोकवर्गणीची हाक दिली. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला विचार फार दिवस छापून मिळत नाही हे ओळखून त्यांनी छापखानाही स्वतःचा उभारला. त्याच भारतभूषण छापखान्यात १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचे त्यांचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने छापले गेले. लाहोरच्या मंडळाने व्यासपीठ नाकारले, तरी छापखाना आपला होता म्हणून ते भाषण जगापर्यंत गेले.

आज प्रत्येक घरात एक छोटा छापखाना आला आहे. त्याचे यंत्र परक्याचे आहे हे खरे, पण माल, वही, खाते आणि नाव एवढे तरी आपल्या हातात ठेवता येते. येत्या माघात कुरुंद्याच्या कढया पुन्हा पेटतील. त्या वेळी वस्तीतल्या एखाद्या मावशीने मोबाइलपुढे उभे राहून हळद कशी शिजते ते आपल्या बोलीत सांगावे, लेकीने ते टिपावे आणि महिन्याभराने त्याच मावशीच्या नावाचे पाकीट एखाद्या घरी पोहोचावे. ते ज्या कुणाच्या हाती पडेल, त्याने आम्हाला जरूर कळवावे. त्याची हकीकत आम्ही याच पानावर आनंदाने छापू.

जय भीम!